आई पाणी पीतच नाही, सांगून सांगून थकले, काय करू?

जुनी_सायकल:

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं इथे नुसती वाचत असते, आज स्वतःच धागा काढायची वेळ आली.

आई ७८ वर्षांची, मूळची लातूरची, बाबा गेल्यापासून म्हणजे दोन वर्षं आमच्याकडे पुण्यात आहे. गुडघे सोडले तर तशी खुटखुटीत, वॉकर घेऊन घरभर फिरते, भाजी निवडते, मालिका बघते, माझ्यावर लक्ष ठेवते. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू. अडचण एकच, बाई पाणी पीत नाही. सकाळी चहा, जेवताना अर्धं फुलपात्र, त्यातलेही दोन घोट वरून घशात सोडणार आणि उरलेलं झाकून ठेवणार, "असू दे, नंतर पिते." ते नंतर कधी येतच नाही, संध्याकाळी तेच फुलपात्र तसंच झाकलेलं असतं.

मागच्या मंगळवारी सकाळी बघते तर पलंगावर बसून चादरीची घडी घालतेय, उलगडतेय, परत घालतेय, आणि मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारून म्हणते, "नळ आला का बघ गं." माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली, वाटलं स्ट्रोकच आला. उचलून हॉस्पिटलला नेलं. स्कॅन नॉर्मल. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, १.८ (जानेवारीत १.० होतं), आणि युरिन इन्फेक्शन. दोन दिवस सलाइन आणि अँटिबायोटिक, तिसऱ्या दिवशी एकदम पहिल्यासारखी, उलट मलाच विचारते मला इथे कशाला आणलंस, किती खर्च झाला.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले "डिहायड्रेशन होतं, पाणी वाढवा" आणि पुढच्या पेशंटकडे गेले. वाढवा म्हणजे किती, कसं? मी टाइमाच्या खुणा असलेली एक लिटरची बाटली आणली, तिचं झाकण आईला उघडत नाही. मोबाईलला दर तासाचा अलार्म लावला, तो ती बंद करते. काल तर ओरडले तिच्यावर, मग रात्रभर मलाच झोप नाही. एप्रिल अजून संपायचाय, मे पुढे उभाच आहे. कुणाच्या घरी असं आहे का आणि तुम्ही काय केलंत ते प्लीज सांगा.


निवृत्त_बुकिंग_क्लार्क:

ताई, काळजी करू नका. सोपा उपाय आहे, मी गेली बावीस वर्षं करतोय. पहाटे उठल्या उठल्या, तोंडही न धुता, तांब्याच्या भांड्यातलं दीड लिटर पाणी एका दमात प्यायचं. उषःपान म्हणतात याला. दिवसभराचा कोटा तिथेच संपतो, मग मागे लागायची भानगडच नाही. माझं वय ७१, आजवर सलाइन लागलेलं नाही.


ओपीडी_नंतर:

बुकिंग क्लार्क काका, तुम्हाला मानवतंय ते चालू द्या, पण ताईंच्या आईंना कृपया असं काही करायला लावू नका. मी एमडी मेडिसिन आहे, खाजगी प्रॅक्टिस करतो. इथे मी कुणाला तपासत नाहीये, जे सरसकट लागू पडतं तेवढंच लिहितो, बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

वय झालं की तहानच लागेनाशी होते हे आधी समजून घ्या. शरीराला पाणी कमी पडलंय हा निरोप मेंदूपर्यंत उशिरा आणि बारीक आवाजात पोचतो. आई "मला तहान नाही" म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नाहीत किंवा हट्टही करत नाहीत, त्यांना खरंच लागत नाही. त्यात म्हातारपणी किडनीला लघवी घट्ट करून पाणी वाचवायची कला पूर्वीसारखी जमत नाही, आणि अंगातला पाण्याचा साठाही तरुणपणापेक्षा कमी झालेला असतो. त्यामुळे आपल्याला एक दिवस कमी प्यायलं तर डोकं दुखतं, त्यांना थेट भ्रम होतो. चादरीच्या घड्या, नळ आला का विचारणं, हे त्यातलंच. घरचे लोक याला वेड लागलं म्हणतात किंवा "वयच झालंय" म्हणून सोडून देतात, तुम्ही लगेच नेलंत हे फार बरं केलंत.

आता किती ते. युरोपात आहारतज्ज्ञांची एस्पेन म्हणून संस्था आहे, तिच्या मार्गदर्शक सूचनांत वयस्कर बायकांसाठी दिवसाला निदान १.६ लिटर आणि पुरुषांसाठी २ लिटर पेय असं दिलंय. पेय म्हणजे नुसतं पाणी नाही, चहा, दूध, ताक, सूप सगळं धरून. हो, चहासुद्धा धरायचा, चहानं जेवढं प्यायलं त्याहून जास्त पाणी बाहेर जातं हा गैरसमज आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडं जास्तच लागणार. पण थांबा, हा आकडा सगळ्यांना नाही. हार्ट फेल्युअर असेल, पायावर सूज असेल, डायलिसिस चालू असेल तर डॉक्टरांनी पाणी मोजूनच दिलेलं असतं, तिथे हा धागा वाचून कुणी तांब्या भरून देऊ नये.

एका दमात दीड लिटर का नको? बीपीच्या कित्येक गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. ही औषधं सोडियम बाहेर टाकतात. त्यावर भरमसाठ नुसतं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते १३५ ते १४५ च्या मध्ये असायला हवं, १२० च्या आसपास आलेले आजोबा मी पाहिलेत आणि तेसुद्धा अगदी असेच बरळत होते. म्हणजे कमी पाण्यानं जे होतं तेच जास्त पाण्यानंही दिसतं, बाहेरून फरक कळत नाही, रक्तच तपासावं लागतं.

ताई, एक विचारतो. आईंच्या गोळ्यांची नावं इथे देता का? आणि गुडघ्यासाठी काय घेतात?


चकलीभाजणी:

तुमचं वाचून माझ्या सासूबाईच डोळ्यासमोर आल्या. आमच्याकडे कारण वेगळंच निघालं. दोन महिने मी पाणी पाणी करत होते आणि त्या पदर तोंडाला लावून नको म्हणत होत्या, मग एक दिवस माझ्या जाऊबाईंनी सरळ विचारलं, "आई, बाथरूमला जायची भीती वाटते का?" तर डोळ्यात पाणीच आलं त्यांच्या. खोकल्यावर थोडी लघवी व्हायची, कपडे खराब व्हायचे, सुनेला कसं सांगायचं. त्यापेक्षा पाणीच बंद. लग्नाला, देवळात, एसटीत बसायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद, हे तर आपल्या सगळ्या आया आजन्म करत आल्यात, कारण बायकांना जायला जागाच नसायची. ती सवय साठ वर्षांची आहे, तुमच्या अलार्मनं कशी मोडणार?

तर आधी तो विषय काढा. आणि तुम्ही नका विचारू, तिच्या वयाच्या कुणाला तरी विचारू दे.


वऱ्हाडी_ठेचा:

आमच्या अकोल्याले या एकदा मे महिन्यात, मंग सांगतो पाणी काय असते ते. २०२४ मधी नागपुरात ५६ डिग्रीची बातमी आलती ना, मंग हवामान खात्यानं सांगितलं का मशीनच बिघडलं होतं म्हणून, तवा आमचा बुढा म्हने, मशीनचं काय घेऊन बसले, माणसं बिघडून राहिले अथी.

सांगाचं म्हंजे, बुढ्याले पाणी दे म्हटलं का तो घेत नाई, पण आंबील दे म्हटलं का दोन वाट्या पेते. ज्वारीचं पीठ रातभर ताकात भिजवाचं, सकाळी शिजवाचं, थंड झालं का जिरं, लसूण, चिमूटभर मीठ. खाल्ल्यासारखं वाटते आन पाणी पोटात जाते. दुपारून मठ्ठा, कधी कैरीचं पन्हं, चार वाजता टरबुजाच्या फोडी. टरबूज म्हंजे आर्ध्याहून जास्त काय, दहातले नऊ भाग पाणीच असते. वरणाचं वरचं पाणी काढून हिंग-जिऱ्याची फोडणी देली का ते बी वाटीभर पेते. दिवसभरात पाणी हा शबुद काढाचाच नाई.

आन माठ. फ्रिजचं पाणी दाताले लागते म्हनून पेत नाईत बुढे लोक, लक्षात ठेवा. आमी माठात वाळ्याची जुडी टाकतो, नुसत्या वासानं पेवासा वाटते. माठ कुठी ठेवला हे बी पाहा, वाकून घ्या लागत असन तर गुडघेवाला माणूस जाईनच काऊन?

एक आजून. कूलरसमोर बसला माणूस म्हंजे त्याले घाम आला हे कळतच नाई, लगेच सुकते. तो म्हनते मी तं थंड्यात बसलो, मले काय होते. तिथीच फसते.


जुनी_सायकल:

बापरे, एवढे प्रतिसाद, मनापासून आभार. ठेचाभाऊ, माठाचा मुद्दा एकदम बरोबर, आमचा माठ किचनच्या खालच्या ओट्यावर आहे, आईला वाकता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

डॉक्टरसाहेब, गोळ्या अशा आहेत: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली एक, मेटफॉर्मिन, आणि गेल्या दिवाळीपासून डापाग्लिफ्लोझिन. गुडघ्यासाठी... हे लिहायला लाज वाटते, पण ती खालच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक मागवून घेते, मला वाटायचं कधीतरी एखादी, परवा तिच्या डब्यात रिकामी पाकिटं सापडली, पंधरा दिवसांत दोन. तिला नारळपाणी आवडतं म्हणून आता रोज दोन शहाळी आणायचं ठरवलं होतं, ते चालेल ना?


ओपीडी_नंतर:

लाज कशाची, घराघरात हेच आहे. पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या डब्यात आहे.

डायक्लोफिनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी (म्हणजे ते हायड्रोक्लोरोथायझाइड), हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर तिन्हीकडून ताण येतो. लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी कमी, टेल्मिसार्टननं किडनीच्या आतला दाब कमी, आणि पेनकिलरनं किडनीकडे जाणारी रक्ताची वाटच अरुंद. वेगवेगळी घेतली तर बहुतेकांना काही होत नाही, तिन्ही एकदम आणि वर पाणी नाही, की क्रिएटिनीन १.० चं १.८ व्हायला वेळ लागत नाही. डापाग्लिफ्लोझिन चांगलं औषध आहे, पण ते साखर लघवीवाटे काढतं आणि साखरेबरोबर पाणी जातं, शिवाय त्यानं खालच्या बाजूला खाज, फंगल इन्फेक्शन होऊ शकतं, तेही विचारून घ्या, बायका सांगत नाहीत. यातली कुठलीही बीपी-शुगरची गोळी स्वतःहून बंद करू नका, पण हा पूर्ण डबा उचलून डॉक्टरांपुढे ठेवा आणि दोन गोष्टी लिहून घ्या: गुडघ्याला पर्याय काय, आणि जुलाब-उलट्या, ताप, खाणं बंद अशा दिवसांत यातल्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या.

शहाळं: आत्ता नको. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवतं आणि किडनी नुकतीच दमलेली आहे. क्रिएटिनीन-पोटॅशियमचा रिपोर्ट परत करा, तो नीट आला आणि डॉक्टर हो म्हणाले तर घ्या की, कोण नको म्हणतंय.

आणि पाणी कमी पडलंय का ते चामडी चिमटीत धरून बघायची पद्धत म्हाताऱ्या माणसांत सोडून द्या, वयानं कातडी सैल झालेलीच असते. लघवीच्या रंगावरही फार भिस्त नको, गोळ्यांनी आणि बी-कॉम्प्लेक्सनं रंग बदलतो. त्यापेक्षा साधा वजनकाटा आणा. रोज सकाळी बाथरूमला जाऊन आल्यावर, त्याच कपड्यांत वजन. दोन दिवसांत किलोभर उतरलं तर ते मांस नाही, पाणी. (आणि हार्टवाल्यांचं दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर तेही पाणीच, त्यांनी फोन करायचा.) उभं राहिल्यावर गरगरणं, अचानक जास्त झोप, बोलण्यात घोळ, यातलं काही दिसलं तर वाट बघत बसू नका.


निवृत्त_बुकिंग_क्लार्क:

डॉक्टरसाहेब, मीसुद्धा बीपीची गोळी घेतो आणि तिच्या नावापुढे एच असं अक्षर आहे. हे तेच का?


ओपीडी_नंतर:

बहुतेक तेच. काका, पाकिटावर बारीक अक्षरात बघा आणि एकदा सोडियम करून घ्या. आणि पहाटेचा दीड लिटर तोवर दिवसभरात वाटून प्या.


ढगाळ_लेस्टर:

मी इकडे इंग्लंडात लेस्टरला एका केअर होममध्ये काम करते, अकरा वर्षं झाली, त्यामुळे हा विषय माझा रोजचाच. उशीर झाला लिहायला पण ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर माझं लक्ष अडकलंय. "दोन घोट वरून घशात सोडणार."

आपल्याकडे उष्टं नको म्हणून भांडं ओठाला न लावता वरून प्यायची सवय असते. तरुणपणी ठीक. पण वरून प्यायला मान मागे टाकावी लागते, आणि मान मागे टाकली की श्वासनलिकेची वाट जास्त उघडी राहते. वयानं गिळण्याची क्रिया मंदावलेली असते, पातळ पाणी तर भसकन आत जातं. मग ठसका. दोन-चार वेळा जोरात ठसका लागला की माणूस पाण्यालाच घाबरतो, आणि हे तो कुणाला सांगत नाही, त्याचं त्यालाही कळत नसतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात, ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा घोट, गिळू द्या, मग दुसरा. कपातलं पाणी संपत आलं की आपण आपोआप मान वर करतो म्हणून इथे काही जणांना नाकापाशी खाच पाडलेला कप देतात, म्हणजे मान न उचलता शेवटचा घोट घेता येतो. साधी गोष्ट आहे, पण केवढा फरक पडतो.

तर आईचं स्वतःचं वेगळं भांडं करा. हलकं, दोन कानांचं असेल तर उत्तम, फक्त तिचं, म्हणजे उष्ट्याचा प्रश्नच नाही. जेवताना दर वेळी ठसका लागत असेल, आवाज घोगरा ओला येत असेल, वारंवार छातीत कफ होत असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, ते गिळण्याचंही तपासतात, हे आपल्याकडे फार लोकांना माहीत नसतं. ज्यांना खरंच पातळ जात नाही त्यांना पाणी घट्ट करून द्यायची पावडर मिळते, पण ती तपासल्याशिवाय नको, कारण घट्ट पाणी बेचव लागतं आणि माणूस आणखीच कमी पितो.

बाकी आमच्याकडची एक युक्ती, गोळ्या द्यायच्या वेळी घोटभर नाही, पूर्ण ग्लास द्यायचा. तिन्ही वेळच्या गोळ्या धरल्या तरी अर्धा लिटर तिथेच होतो. दुसरी, विचारायचं नाही. "पाणी हवं का?" ला उत्तर नाहीच येतं. सरळ हातात द्यायचं आणि आपणही आपला कप घेऊन शेजारी बसायचं. एकट्यानं कुणी पीत नाही, दोघांत बरोबर पितात. डिमेन्शियावाल्यांना पारदर्शक ग्लासातलं पाणी कधी कधी दिसतच नाही म्हणून आम्ही लाल-निळे कप वापरतो. इथे एका मुलानं, लुईस हॉर्नबी नाव, डिमेन्शिया झालेल्या स्वतःच्या आजीसाठी रंगीत थेंबांसारख्या जेलीच्या गोळ्या बनवल्या, जवळजवळ पाणीच असतं त्यांत, तिला चॉकलेटचा डबा वाटायचा आणि ती मूठभर खायची. घरी चायना ग्रास घालून कोकमाची जेली करता येईल, मी माझ्या आईसाठी सुट्टीत आल्यावर केली होती, तिनं नाक मुरडलं पण चार फोडी खाल्ल्या. मात्र गिळायचा त्रास असेल तर जेली आधी विचारूनच.


कोपऱ्यातला_केमिस्ट:

मेडिकलवाल्याच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण डायक्लोफिनॅक वाचून मला जरा बोचलंच. गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय मागतं, नाही दिलं की शेजारच्या दुकानात जातं, हे कारण नाही पण वस्तुस्थिती आहे. असो.

मला ओआरएसबद्दल सांगायचंय. उन्हाळा लागला की लोक येतात आणि "ते ओआरएसचं ज्यूस द्या, आजोबांना रोज देतो" म्हणतात. खोक्यातली ती गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत, साखरच जास्त. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, तरी लोकांच्या तोंडात तेच बसलंय. खरं ओआरएस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी, एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं असंच पाणी ड्रमांतून पाजून कॉलऱ्याचे रोगी वाचवले, एवढ्या साध्या पुडीमागे एवढी गोष्ट आहे.

पण ती पुडी जुलाब-उलट्यांसाठी, किंवा उन्हात भरपूर घाम गेला तर. रोजचं सरबत म्हणून नाही, बीपीवाल्यांना ते मीठ परवडत नाही. आणि मोठी पुडी एक लिटरमध्येच, पूर्ण. लोक ग्लासात चमचाभर टाकतात, प्रमाण बिघडतं. कालवलेलं चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, त्याहून खारट नको.


चकलीभाजणी:

ज्येष्ठातली निर्जला एकादशी पण येतेय, ज्यांच्या घरी ती धरतात त्यांनी आत्तापासूनच बोलणी सुरू करा. आमच्याकडे गुरुजींकडून फोनवर सांगायला लावलं की आजारी माणसाला औषध आणि पाणी चालतं. माझं ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं.


जुनी_सायकल:

तीन आठवड्यांनी परत आलेय, लांबलचक लिहिणार आहे, सहन करा.

आधी चुकीचं सांगते. तुमचं सगळं वाचून मी एकदम उत्साहात आले, भिंतीला वही लटकवली, पेन्सिल बांधली, दर वेळी किती प्यायली ते लिहायचं. पहिला आठवडा काय सुंदर, रोज दीड लिटर, एक दिवस तर १७०० मिली. मी भावाला लातूरला फोटो पाठवतेय वहीचे. वजनकाटा मात्र ऐकेना, तीनशे-चारशे ग्रॅम खालीच. मला वाटलं काटाच खराब. मग एका रविवारी बाल्कनीत गेले तर कढीपत्ता पिवळा पडलेला, पानं गळतायत, कुंडीतली माती चिखल झालेली. मी तर पाणी घातलंच नव्हतं, उन्हाळ्यात एक दिवसाआड घालते. आईची खुर्ची बरोबर त्या कुंडीशेजारी!

विचारलं तर आधी "मला काय माहीत" आणि मग खुदकन हसली. म्हणे, "वाया नाही घालवलं, झाडालाच घातलं." मी रडायच्या बेतात होते पण तिच्या त्या "वाया नाही घालवलं" वर हसायलाच आलं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तेव्हा ती तिथेच होती, भांडी घासलेलं पाणी बाजूला काढून तेच संडासला वापरायची. तिच्या हातून पाणी सांडलं तरी ती फडक्यानं टिपून कुंडीत पिळते. मी भरलेला ग्लास आणून ठेवायचे ना, तो बघूनच तिला दडपण यायचं, एवढं कोण पिणार, उरलं तर टाकायचं का.

मग चकलीभाजणी, तुमचं ऐकून मी स्वतः नाही विचारलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं. दोघी तासभर बोलल्या दार लावून. काकूंनी येऊन जे सांगितलं त्यानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आमच्या बाथरूमच्या दारातून वॉकर आत जात नाही, तो बाहेर सोडून भिंत धरून जावं लागतं, दिवसा जमतं पण रात्री तिला भीती वाटते, म्हणून ती मला हाक मारते. आणि तिचं म्हणणं, "पोरीला सकाळी आठला मिटिंग असते, रात्रीतून तीनदा उठवायचं का तिला?" म्हणून दुपारपासूनच पाणी बंद. मी तिच्यावर ओरडत होते आणि ती माझी झोप राखत होती.

तर आता काय काय बदललं. पलंगाशेजारी कमोड चेअर आणली, दोन दिवस "दवाखाना वाटतोय" म्हणून रुसली, तिसऱ्या रात्री वापरली. पायापाशी झिरोचा दिवा. पिणं बहुतेक संध्याकाळी पाचच्या आत. डॉक्टरांनी दुपारी तासभर पाय उशीवर घ्यायला सांगितलंय, दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीला येतं म्हणे, दुपारीच थोडं निपटलं तर रात्री कमी उठावं लागतं, आणि खरंच तीनवरून एकवर आलंय. डायक्लोफिनॅक बंद, पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी. बीपीची गोळी बदलून लघवीचं औषध काढलंय. क्रिएटिनीन १.१, पोटॅशियम नॉर्मल, आठवड्यातून दोनदा शहाळ्याला परवानगी.

ठसक्याचं लेस्टरताई तुम्ही म्हणालात तस्संच होतं, विचारल्यावर म्हणाली, "हो गं, पाणी वर चढतं, जीव घाबरतो." तिच्या माहेरची एक जर्मनची वाटी होती, हलकी, ती शोधून काढली. ओठाला लावून पिते. वाटीत दीडशे मिली मावतं, मी भरते तेवढं संपतं, उरत नाही म्हणून वाया जायचा प्रश्न नाही. माठ वर आणला, नळवाला. मोठा ग्लास घरात दिसेल असा ठेवतच नाही. वही काढून टाकली, त्याऐवजी नऊ चिंचोके एका डबीत ठेवलेत, वाटी संपली की ती एक चिंचोका दुसऱ्या डबीत टाकते, जेवणात ताक आणि आंबील वेगळी. चिंचोके तिनंच सुचवलं. काल आठच झाले होते तर झोपायच्या आधी नववा गुपचूप टाकताना पकडली, पण ते चालतंय.

कढीपत्ता मात्र गेला.


वऱ्हाडी_ठेचा:

कढीपत्त्याचं टेन्शन घेऊ नका ताई. मुळापाशी पोरं फुटले असतीन तर पाहा आधी, आन पावसाळा लागेपर्यंत पाणी तोडा त्याचं.


निवृत्त_बुकिंग_क्लार्क:

सोडियम १२९ आलं. गोळी बदलून मिळाली आहे. डॉक्टरसाहेब, ताक चालेल ना सकाळी?